गुणसुंदरीचे हसू : एका हरवलेल्या मूक सुखात्मिकेच्या निमित्ताने

१

मूकपटांच्या कालखंडाविषयी लिहू लागताच मराठी अभ्यासकाच्या हाती एक ठरीव नाममालिका येते. १८ मे १९१२ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखविला गेलेला दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’, त्याच ठिकाणी ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, त्यामागोमाग ‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’, मग कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ (१९२०) व ‘सावकारी पाश’ (१९२५), आणि अखेरीस ‘प्रभात’. ही मालिका चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र ती सांगून झाल्यावर जे चित्र मनात उमटते ते मोठे गंभीर असते. देवदेवता, सत्त्वपरीक्षा, चमत्कार आणि नंतर सावकाराच्या पाशात सापडलेला शेतकरी. या चित्रात कोणी हसताना दिसत नाही.

वस्तुतः हसू आरंभापासूनच होते. ‘मोहिनी भस्मासुर’ या पौराणिक पटाच्या जोडीला फाळक्यांनी ‘पिठाचे पंजे’ नावाचा एक छोटा विनोदी पट तयार केला होता. कमलाबाई गोखले आणि त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत या दोघी पडद्यावर आल्या त्या ‘मोहिनी भस्मासुर’मुळे, म्हणून त्या पटाचे नाव इतिहासात राहिले. ‘पिठाचे पंजे’ सूचीतील एक ओळ होऊन उरला. गंभीराला पान आणि हास्याला ओळ, ही वाटणी पहिल्या दोन वर्षांतच झालेली दिसते आणि पुढील इतिहासलेखनाने ती निमूटपणे स्वीकारली.

ही वाटणी केवळ अभिरुचीची नाही. आपल्याजवळ काय उरले, ते का उरले आणि जे उरले त्यालाच आपण ‘त्या काळाचे स्वरूप’ म्हणून कसे मान्यता दिली, असा हा इतिहासमीमांसेचा प्रश्न आहे. त्याचा विचार १९२७ साली दादरच्या कोहिनूर फिल्म कंपनीत तयार झालेल्या ‘गुणसुंदरी’ या मूकपटाच्या आधारे करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या पटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्याचे इंग्रजी नाव मासलेवाईक होते. त्याचा मराठी अर्थ ‘नवरे वाट का चुकतात’ असा होईल.

२

द्वारकादास नारणदास संपत यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कोहिनूर फिल्म कंपनी काढली. १९२१ सालच्या ‘भक्त विदुर’ने कंपनीचे नाव सर्वतोमुखी केले. विदुराच्या वेषात प्रेक्षकांना गांधीजी दिसले, तसेच ते सरकारलाही दिसले, आणि मद्रास व कराची येथे पटावर बंदी आली. १९२३ साली स्टुडिओला मोठी आग लागली. त्यातून सावरून दुसऱ्या उभारीत कंपनीने पुराणकथांबरोबर समकालीन जीवनावरील ‘सामाजिक’ पटांकडे मोर्चा वळविला. होमी मास्टर यांचा ‘टेलिफोन गर्ल’ (१९२६) आणि चंदुलाल शहा यांचा ‘टाइपिस्ट गर्ल’ यांची नावेच बोलकी आहेत. नोकरी करणारी, शहरात एकटी वावरणारी, यंत्रासमोर बसलेली तरुणी या पटांच्या मध्यभागी होती. या दोन्ही पटांची नायिका सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ही ज्यू तरुणी, चित्रपटात येण्यापूर्वी स्वतः टेलिफोन ऑपरेटर होती.

चंदुलाल शहा जामनगरचे. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकलेले आणि शेअर बाजारात काम केलेले. १९२५ साली लक्ष्मी फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मणिलाल जोशी आजारी पडले, तेव्हा ‘विमला’ या पटाचे काम त्यांच्याकडे आले. पुढे कोहिनूरमध्ये त्यांनी ‘टाइपिस्ट गर्ल’ सतरा दिवसांत पूर्ण केला आणि तो चांगला चालला. तेथेच त्यांची गोहर या अभिनेत्रीशी गाठ पडली. लाहोरला जन्मलेली गोहर त्या वेळी अवघी सोळा-सतरा वर्षांची होती. ‘गुणसुंदरी’त तिच्यासमोर होते राजा सँडो. हे मूळचे तमिळ मुलखातले, व्यायामपटू म्हणून नाव कमावलेले नट. गुजराती मालक, गुजराती दिग्दर्शक, लाहोरची नायिका, तमिळ नायक आणि जागा दादर, असा हा मेळ होता. याच दादरमध्ये, मेन रोडवरील मथुरादास मकनजींच्या बंगल्यात, फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला होता. तोच रस्ता आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणून ओळखला जातो, आणि १९२९ साली चंदुलाल व गोहर यांनी उभारलेली रणजित फिल्म कंपनीही त्याच रस्त्यावर वाढली. या परिसराचा इतिहास एका भाषेच्या चौकटीत बसत नाही, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवू. पुढे तिच्याकडे वळावयाचे आहे.

‘गुणसुंदरी’च्या कथेचा गोषवारा बार्नो आणि कृष्णस्वामी यांच्या ‘इंडियन फिल्म’ (१९६३) या ग्रंथामुळे टिकला. पती दिवसभर व्यवसायाच्या विवंचनेत असतो. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा त्याला बोलायला, कोठे बाहेर जायला, आपली चिंता क्षणभर विसरायला सोबत हवी असते. पत्नी कर्तव्यदक्ष आहे. इतकी की कर्तव्यातून तिला सवडच नाही. स्वयंपाक, घरातील माणसांची सेवा, दुसऱ्या दिवसाची तयारी यांत ती बुडालेली असते. पती हळूहळू घराबाहेर ओढला जातो आणि एका नर्तकीच्या नादी लागतो. गुणसुंदरीच्या ध्यानी येते की आपण गृहिणी आहोत, पण सहचारिणी झालो नाही. ती स्वतःला बदलते, घराचा उंबरठा ओलांडते, आणि पतीला परत मिळविते.

३

या कथेतील पहिले चातुर्य नावात आहे. ‘गुणसुंदरी’ हे नाव ऐकताच १९२७ सालच्या सुशिक्षित गुजराती प्रेक्षकाला गोवर्धनराम त्रिपाठींची ‘सरस्वतीचंद्र’ ही चार भागांची कादंबरी (१८८७–१९०१) आठवली असणार. तिच्या १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागाचे शीर्षकच ‘गुणसुंदरीचे कुटुंबजाळ’ अशा अर्थाचे आहे. तेथील गुणसुंदरी ही विद्याचतुराची पत्नी. पतीने तिला शिकविलेले आहे, तिच्याशी तो विद्येची भाषा बोलू शकतो; परंतु मोठ्या एकत्र कुटुंबाचा भार तिच्या शिरावर येतो आणि वाचन, संवाद, एकान्त यांना दिवसातून हद्दपार व्हावे लागते. गोवर्धनरामांनी ‘जाळ’ हा शब्द योजला तो जाणूनबुजून. मात्र या जाळ्यात राहून सर्वांना सांभाळणे यातच त्यांना तिचे मोठेपण दिसले. कादंबरीची गुणसुंदरी सोसते, आणि तिच्या सोसण्याला लेखक वंदन करतो.

चंदुलाल शहांनी तेच नाव घेतले आणि प्रश्न उलटा विचारला. ही आदर्श स्त्री घरात असूनही घर का विस्कटते? ज्या गुणांमुळे ती ‘गुणसुंदरी’ ठरते तेच गुण दांपत्याच्या आड येत असतील तर? आदर्शाच्या नावाखाली दडलेली गैरसोय उघडी करणे ही सुखात्मिकेची जुनी युक्ती आहे. शोकात्मिका आदर्शाची किंमत मोजते, आणि सुखात्मिका ती किंमत द्यायलाच हवी होती का, असे विचारते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये (१८९३) यमूला जे थोडे सुखाचे दिवस लाभतात ते मुंबईत, जेथे एकत्र कुटुंबाचा पहारा सैल होतो आणि पतिपत्नींना एकमेकांशी बोलण्याची मुभा मिळते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे सहचारिणी घडविण्याच्या प्रयोगाचे, आणि त्या प्रयोगाला घरातल्याच बायकांकडून झालेल्या विरोधाचे, मराठीतील सर्वांत बोलके साधन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सुधारकांनी पत्नीला वाचायला शिकविले ते तिच्याशी बोलता यावे म्हणून. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तोच विषय दादरच्या स्टुडिओत पोहोचला. वाचनाची जागा आता संध्याकाळच्या फेरफटक्याने घेतली होती. सुधारणावादाचा हा बाजारी अवतार आहे असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु बाजारात आल्यामुळेच तो प्रश्न प्रथमच अशा प्रेक्षकांपुढे गेला ज्यांनी ना गोवर्धनराम वाचले होते ना हरिभाऊ.

४

आता या पटाच्या प्रकाराविषयी. मराठी रंगभूमीवर दांपत्याचा विनोद सिद्ध झालेला होता. देवलांनी मोल्येरपर्यंत मूळ पोहोचणारे कथानक मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून उचलले, १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यात मांडले आणि १९१६ साली त्याचे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेतात. तो संशय निराधार असतो, म्हणून आपण हसू शकतो. घोटाळा फिटला की घर पूर्ववत होते, कोणालाही बदलावे लागत नाही.

दुसऱ्या टोकाला गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ (१९१९) आहे. तेथे पतीचे वाट चुकणे खरे आहे, आणि सिंधूचे उत्तर एकच: सहन करणे. सिंधूच्या पातिव्रत्याने प्रेक्षक रडला. त्या रडण्यात पूजाभाव होता आणि त्या पूजाभावात सिंधूचा मृत्यू मान्य करण्याची तयारीही होती.

‘गुणसुंदरी’चे कथासूत्र या दोहोंच्या मधोमध पडते. वाट चुकणे ‘संशयकल्लोळ’सारखे भ्रामक नाही, ते ‘एकच प्याला’सारखे खरे आहे. मात्र त्याला दिलेले उत्तर सिंधूचे नाही. नायिका मरत नाही, शापही देत नाही. ती डाव बदलते. घडलेली गोष्ट गंभीर आणि तिचा शेवट सुखाचा, असा मिश्र प्रकार आपल्या समीक्षेला नेहमीच अडचणीचा वाटत आला आहे. त्याला ‘हलकाफुलका’ म्हणून बाजूला सारणे सोपे जाते. परंतु स्त्रीच्या बाजूने पाहता हा प्रकार हलका नाही. सिंधू आणि गुणसुंदरी यांच्यात आठ वर्षांचे अंतर आहे. या आठ वर्षांत मुंबईच्या प्रेक्षकाने पतीच्या अपराधानंतरही जिवंत राहणाऱ्या, इतकेच नव्हे तर जिंकणाऱ्या नायिकेला पैसे देऊन पाहिले, ही संवेदनेच्या इतिहासातील घटना आहे.

तीतही एक गफलत आहे, ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पती चुकतो आणि बदलावे लागते पत्नीला. ‘नवरे वाट का चुकतात’ या प्रश्नाचे उत्तर ‘बायका कमी पडतात म्हणून’ असे देणारा पट पितृसत्तेला धक्का देतो असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. याच सुमारास हॉलिवुडमध्ये सेसिल बी. डिमिलने हीच मांडणी लोकप्रिय केली होती. ‘व्हाय चेंज युवर वाइफ?’ (१९२०) या त्याच्या पटात नीरस पत्नी नवे कपडे, नवा नखरा घेऊन पतीला पुन्हा जिंकते. दोन्ही शीर्षकांची प्रश्नार्थक ठेवणही एकाच कुळातली वाटते. डिमिलच्या पटाची प्रत टिकली आहे, आणि त्यामुळे अमेरिकी अभ्यासक त्यातील वस्त्रे, आरसे, प्रसाधने, ग्राहकसंस्कृती यांविषयी तपशिलाने लिहू शकतात. स्त्रीचे नवेपण विकत घेता येण्याजोग्या वस्तूंत कसे रूपांतरित झाले हे ते फ्रेम दाखवून सिद्ध करतात. गोहरच्या गुणसुंदरीने कोणती साडी नेसली, कशी नेसली, ती उंबरठ्यावर क्षणभर थांबली की नाही, यांवर या पटाचा सारा अर्थ अवलंबून होता. गोषवाऱ्यात ‘ती बदलते’ एवढेच उरते. अभिनयात मात्र त्या बदलाची चेष्टा असू शकते, शरणागती असू शकते किंवा सूडाचा गोड आव असू शकतो.

स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने ‘पर्सूट्स ऑफ हॅपिनेस’ (१९८१) या ग्रंथात ‘पुनर्विवाहाची सुखात्मिका’ ही संकल्पना मांडली आहे. १९३४ ते १९४९ या काळातील सात हॉलिवुडपटांच्या आधारे तो दाखवितो की या सुखात्मिकांत प्रश्न लग्न जमण्याचा नसतो. तुटू पाहणारे दांपत्य पुन्हा एकत्र येण्याचा असतो, आणि हे पुन्हा एकत्र येणे संभाषणातून घडते. विवाह म्हणजे संभाषण, हा त्या ग्रंथाचा गाभा. म्हणूनच हा प्रकार बोलपटाबरोबरच जन्माला येऊ शकला, असे कॅव्हेलच्या विवेचनातून सूचित होते. ‘गुणसुंदरी’ या सिद्धान्ताला एक वेगळीच अडचण घालते. येथे संभाषणाची मागणी हेच आशयसूत्र आहे, पतीला बोलायला माणूस हवे आहे. आणि माध्यम मुके आहे. पतिपत्नींमधील अबोला दाखविण्यासाठी मूकपटाइतके अनुरूप माध्यम दुसरे कोणते असणार? दोघांचे न बोलणे आणि पडद्याचे न बोलणे एकच होऊन जाते. या अबोल्यातून हसू कसे निर्माण केले असेल याची कल्पना केली की गोहर आणि सँडो यांच्या कामाची अवघड जात लक्षात येते.

५

प्रेक्षकांचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. गिरगावात कॉरोनेशन, मॅजेस्टिक ही चित्रपटगृहे होती. शेजारीच लॅमिंग्टन रोडची वस्ती चित्रपटांची पेठ बनत होती. गिरगावच्या चाळींतून दोन खोल्यांचे संसार उभे राहिले होते, आणि कचेरीतून सहा वाजता परतणारा नवरा ही तेथील रोजची गोष्ट होती. या प्रेक्षकाला ‘गुणसुंदरी’ आरशासारखी वाटली असावी. चाळीत पतिपत्नींना बोलायला एकान्त कोठून मिळणार, हा प्रश्न गोवर्धनरामांच्या कुटुंबजाळाइतकाच खरा होता.

परंतु त्याच शहराच्या परळ-लालबाग भागात दुसरा प्रेक्षक होता. १९२०च्या दशकात मुंबईत स्त्रियांपेक्षा पुरुषांची संख्या जवळजवळ दुप्पट होती. रत्नागिरी, सातारा, घाटावरील आणि कोकणातील गावे यांतून आलेला गिरणी कामगार गाळ्यात आपल्या गावच्या माणसांबरोबर राहत असे, खाणावळीत जेवत असे, आणि त्याची बायको गावी शेत सांभाळीत असे. १९२२ साली सोशल सर्व्हिस लीगने परळला दामोदर ठाकरसी सभागृह उभारले ते या वस्तीसाठीच, आणि कामगार रंगभूमीचे ते पुढे मोठे केंद्र झाले. पडद्यावरील पत्नीच्या अखंड घरकामाकडे हा प्रेक्षक कोणत्या नजरेने पाहत असेल? दादरच्या नायकाला कंटाळवाणे वाटणारे गरम जेवण त्याच्या दृष्टीने चैन होती. ज्या घराला नायक विटला आहे ते घर याला वर्षातून एकदा, शिमग्याला किंवा गणपतीला, लाभत होते. एकाच विनोदाला गिरगावात ओळखीचे हसू आले असेल तर परळात हेव्याचे आले असेल. सुखात्मिका समाजाला एकत्र आणते असे नॉर्थ्रप फ्राय सांगतो. या शहराचा अनुभव सांगतो की ती एकाच अंधारात बसलेल्या माणसांना निरनिराळ्या कारणांनी हसविते, आणि त्या हसण्याच्या एकत्र आवाजाने भेद तेवढ्यापुरते झाकते.

मूकपटाच्या मधल्या पाट्या अनेक लिप्यांत असत. गुजराती, उर्दू वा हिंदी, इंग्रजी, क्वचित मराठीही. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यासाठी मोठ्याने वाची. पेटी-तबला जोडीला असे. त्यामुळे ‘मूक’ हा शब्द पटाला लागू होता, चित्रगृहाला नव्हे. मुळात जो पट कोणत्याच भाषेत बोलत नव्हता, तो प्रेक्षागारात एकाच वेळी चार भाषांत बोलत होता.

६

आणि नेमके येथेच या पटाचे दैव दडले आहे. मूकपटांच्या नाशाची भौतिक कारणे सर्वश्रुत आहेत. सेल्युलोज नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही असते, आणि ती आपोआपही कुजते. प्रती झिजेपर्यंत गावोगाव फिरत. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपट एका रात्रीत जुना माल ठरला. मग फितीतील चांदी काढून घेणे हाच तिचा उपयोग उरला. कोहिनूर १९३२च्या सुमारास बंद पडली. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी आज दोन-तीन डझनच हाती आहेत, आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे ‘गुणसुंदरी’नंतर सदतीस वर्षांनी. पी. के. नायर यांनी जे वाचविले ते या उशिराच्या पार्श्वभूमीवर चमत्कारासमान आहे. त्याच पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठारास जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीने, नाश हा केवळ भूतकाळाचा विषय नाही हेही दाखवून दिले.

पण जे उरले त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. फाळक्यांचे पौराणिक पट, पेंटरांचा ‘मुरलीवाला’, हिमांशू राय यांचे युरोपीय भागीदारीतले ‘प्रेम संन्यास’, ‘शिराझ’, ‘प्रपंच पाश’, आणि अखेरच्या काळातील ‘दिलेर जिगर’सारखे साहसपट. विनोदी पट म्हणून बंगालचा ‘जमाई बाबू’ (१९३१) तेवढा डोळ्यांपुढे येतो. मुंबईतील समकालीन घर, कचेरी, नोकरदार तरुणी, भांडणारे दांपत्य यांवरील सामाजिक सुखात्मिका जवळजवळ समूळ गेल्या. मोहन भवनानी यांच्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये (१९२७) सुलोचनेने आठ भूमिका केल्या, त्यांत पोलीस शिपाई होता, माळी होता, केळी विकणारी म्हातारी होती. एका स्त्रीने आठ वेष घेऊन शहराला दिलेली ती हुलकावणीही गेली. तेव्हा ‘भारतीय मूकपट म्हणजे मुख्यतः पौराणिक पट’ हे जे विधान पाठ्यपुस्तकांतून रुळले, त्यात त्या काळाचे वर्णन किती आणि आपल्या कोठारांचे वर्णन किती, हे तपासावे लागते. १९९४ साली इटलीतील पोर्देनोने येथील मूकपट महोत्सवाच्या निमित्ताने ‘लाइट ऑफ एशिया’ हा ग्रंथ निघाला आणि त्यात वीरचंद धरमसी यांनी सिद्ध केलेली मूकपटांची सूची प्रसिद्ध झाली. ती सूची वाचताना शेकडो सामाजिक पटांची नावे एकापाठोपाठ समोर येतात, तेव्हा हे विधान डळमळू लागते.

भौतिक नाशावर दुसरा एक नाश चढला, आणि त्याची जबाबदारी आपल्यासारख्या भाषेच्या अभ्यासकांवर येते. १९३१नंतर चित्रपट भाषावार झाले. १ मे १९६० नंतर राज्येही झाली. मग वारशाची वाटणी भाषेनुसार सुरू झाली. मराठी चित्रपटाचा इतिहास फाळके-पेंटर-प्रभात असा निश्चित झाला. दादरच्या गुजराती मालकांचे स्टुडिओ त्यात बसेनात. हिंदी चित्रपटाचा इतिहास ‘आलम आरा’पासून मोजू लागले. गुजराती इतिहासालाही मुंबईत घडलेला, लाहोरची नायिका आणि तमिळ नायक असलेला पट पूर्णतः आपला वाटेना. ज्या पटाला भाषा नव्हती त्याला वारसही उरला नाही. फीत हरवली हे दुर्दैव. तिचा शोध घेण्याची गरज कोणालाच न वाटणे ही आपल्या इतिहासदृष्टीची निष्पत्ती आहे.

आपण म्हणू, पुनर्निर्मितीतून मूळ हाती लागेल. चंदुलाल-गोहर यांनीच १९३४ साली रणजितसाठी ‘गुणसुंदरी’ बोलपट काढला आणि १९४८ साली रतिलाल पुनातर यांनी निरूपा रॉयना घेऊन गुजराती ‘गुणसुंदरी’ केला. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडाले तरी लोकांच्या मुखात तरले, ही श्रद्धा आपल्या रक्तातच आहे. परंतु येथे ती सावधपणे वापरावी लागते. १९३४च्या बोलपटात भर पडला तो कुटुंबाला सावरणाऱ्या, सोसणाऱ्या आदर्श सुनेवर. म्हणजे सात वर्षांत गुणसुंदरी पुन्हा गोवर्धनरामांच्या कुटुंबजाळाकडे वळली. ज्या वर्षी अत्र्यांची निर्मला ‘घराबाहेर’ पडत होती, त्याच वर्षी पडद्यावरची गुणसुंदरी घर सावरीत होती. नंतरच्या आवृत्तीवरून मागची वाचायची म्हटली तर १९२७च्या नायिकेच्या हाती आलेला तो खेळकर क्षण आपण स्वतःच पुसून टाकू. अभंगाला मौखिक परंपरा तारते कारण शब्द तोच राहतो. अभिनेत्रीची मान वळविण्याची तऱ्हा कोणाच्या मुखात तरणार?

७

मग अशा पटाचा अभ्यास म्हणजे काय? राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा कागद हेच इतिहासाचे प्रमाण ठरले, आणि कागदासाठी गावोगाव, वाड्यावाड्यांत हिंडणे हा अभ्यासकाचा धर्म ठरला. मूकपटाच्या बाबतीत विचित्र गोष्ट अशी की पट गेला आणि कागद राहिला. वृत्तपत्रांतील जाहिराती आहेत. चित्रगृहात वाटल्या जाणाऱ्या कथासाराच्या पुस्तिका संग्राहकांकडे अधूनमधून सापडतात. १९२७-२८च्या रंगाचारियर समितीने ३५३ साक्षीदारांच्या मुलाखती घेतल्या; त्या साक्षींचे खंड छापील आहेत आणि त्यांत मुंबईचे निर्माते, चित्रगृहचालक, शिक्षक, पोलीस अधिकारी बोलताना ऐकू येतात. अलीकडे देबश्री मुखर्जी यांच्या ‘बॉम्बे हसल’ (२०२०) या ग्रंथाने मुंबईच्या स्टुडिओंचा इतिहास शहराच्या श्रमाशी आणि सट्ट्याशी जोडून दाखविला. मराठीतून असे काम व्हायला अडचण साधनांची नाही. परळ, लालबाग, दादर, गिरगाव या वस्त्यांचा इतिहास मराठी अभ्यासकाने गिरण्यांच्या, चाळींच्या, शाहिरांच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या अंगाने मोठ्या आस्थेने लिहिला आहे. त्याच वस्त्यांत कॅमेऱ्यापुढे घडलेला इतिहास, तो आपल्या भाषेत नव्हता म्हणून, आपण परक्याचा मानला.

साहित्याच्या इतिहासात हरवलेल्या संहितेला आपण मान देतो. एखाद्या ग्रंथाचा केवळ उल्लेख सापडला तरी त्याच्यासाठी इतिहासात जागा राखून ठेवतो. हाच न्याय ‘गुणसुंदरी’ला लावला तर मराठी नाट्य-कादंबरीच्या इतिहासालाही काही मिळते. यमू, सिंधू आणि ‘घराबाहेर’ची निर्मला यांच्या रांगेत एक जागा रिकामी दिसू लागते. सिंधू १९१९ची, निर्मला १९३४ची. एक घरातच मरते, दुसरी घर सोडते. या दोघींमध्ये कोणीतरी घरात राहून, न मरता, हसून डाव परतविला असला पाहिजे. ती मराठीत बोलत नव्हती, कारण ती बोलतच नव्हती. पण तिला पाहायला आलेल्यांत गिरगावची यमू असणार आणि परळचा एकटा कामगारही. त्यांच्यासाठी तरी ही रिकामी जागा आपल्या इतिहासात तिच्या नावाने मांडून ठेवली पाहिजे.